छपराखालचे खळे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'इंग्लंडमधील एक जुने धान्यकोठार' असे सांगितले. ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग अतिशय सौजन्याने त्यांनी विचारले, "आपल्याकडे कोठारे नाहीत का हो?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे कोठारे आहेत आणि त्यांच्याकडे मी शेवटी येणारच आहे. परंतु आधी एक चूक कबूल करावयास हवी. मी विषयाचे जे नाव सांगितले तेच मुळी बरोबर नव्हते. ज्या इमारतीविषयी मी आज बोलणार आहे ती कोठार नव्हे. इंग्रजीत तिला 'बार्न' म्हणतात. आपल्या कोशांत या शब्दासमोर 'कोठार' किंवा 'धान्यागार' असे लिहिलेले आढळते आणि मीही आयुष्याची बरीच वर्षे तेच समजून चाललो होतो. मुलाच्या घरी लंडनजवळ काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा एका रविवारी हार्मंड्सवर्थ या गावी सहाशे वर्षांपूर्वीचा एक बार्न पाहावयास मिळाला. आत पाऊल टाकले आणि पहिली शंका मनात आली ती अभियंत्याची नव्हती, शेतकऱ्याच्या मुलाची होती. कोठाराला एवढी उंची कशाला? आणि भिंती फळ्यांच्या, त्याही वारा खेळता राहील अशा? धान्य ठेवावयाचे तर जाडजूड भिंती हव्यात, अंधार हवा, उंदीर शिरू नये अशी फरसबंदी हवी. येथे यातले काहीच नव्हते.

उत्तर हवामानात आहे. आपल्याकडे सुगी येते ती पाऊस सरल्यानंतर. ज्वारीची कणसे खुडून खळ्यावर टाकावीत, तिवड्याभोवती बैल फिरवावेत, वाऱ्याची दिशा पाहून उफणणी करावी आणि रास मोजून घरी न्यावी. महिनाभर आभाळ निरभ्र असते. खळ्याला छप्पर घालण्याची कल्पनाही कोणाला सुचू नये. इंग्लंडमध्ये गहू आणि बार्ली कापणीस येतात ऑगस्टमध्ये, आणि तेथील ऑगस्टचा भरवसा कोणीच देत नाही. पीक कापले की त्याच्या पेंढ्या बांधून, कणसांसकट, जमेल तितक्या लवकर छपराखाली नेणे भाग असते. मळणी पुढे सावकाश, हिवाळाभर चालायची. म्हणून त्या इमारतीत दाणे ठेवीत नसत, पेंढ्या ठेवीत. दाण्याला जागा थोडी पुरते. पेंढीला कित्येक पटींनी अधिक लागते. पेंढी ओलसर असते, तिला वारा हवा, नाही तर ती आतून तापते आणि कुजते. मळून निघालेले दाणे मग वेगळ्या, लहान आणि बंदिस्त अशा खऱ्या कोठारात जात. तेव्हा बार्न म्हणजे आपली सुडी, आपले खळे आणि उफणणीची जागा ही तिन्ही एका छपराखाली आणलेली. मराठीत त्याला 'छपराखालचे खळे' म्हणावे असे मला वाटते.

अशा बहुतेक इमारतींच्या लांब बाजूस उंच दरवाजे असतात, भरलेली गाडी सरळ आत यावी इतके उंच. दरवाजासमोरच्या खणात मळणीची जमीन असे. एका लांब दांड्याला कातड्याच्या दुव्याने दुसरा आखूड दांडा जोडलेला, अशा झोडप्याने पेंढ्या झोडीत. जेथे समोरासमोर दरवाजे असत, तेथे दोन्ही उघडले की वाऱ्याचा झोत आरपार जाई आणि त्यात भुसा उडून दाणा खाली राही. उफणणीला आपणही वाऱ्याची वाट पाहतो. त्यांनी त्याला इमारतीतून वाट काढून दिली.

आता हार्मंड्सवर्थचे. गाव जुन्या मिडलसेक्स परगण्यातले, आज लंडनच्या पश्चिम टोकास, हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेस. इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने ते फ्रान्समधील रूआँ येथील एका मठाला लावून दिले होते. पुढे १३९१ मध्ये विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकम यांनी ते विकत घेऊन, आपण १३८२ मध्ये स्थापन केलेल्या विंचेस्टर कॉलेज या विद्यालयाच्या नावे केले. सत्तर गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय हा त्या विद्यालयाचा मूळ हेतू. गावच्या उत्पन्नावर विद्यालय चालावे ही व्यवस्था आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडे देवस्थानांना आणि पाठशाळांना गावे अशीच लावून दिलेली असत.

या विद्यालयाने हार्मंड्सवर्थला नवा मोठा बार्न बांधला. आपल्यासारख्या ग्रंथालयीन मंडळींना रस वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगतो. जुन्या इमारतीचा काळ सहसा शैलीवरून, म्हणजे अदमासे, ठरवावा लागतो. येथे अदमासाची गरज पडली नाही, कारण हिशेब शिल्लक आहेत. इमारतीसाठी इमारती लाकूड आणण्यास विल्यम किपिंग आणि जॉन अ‍ॅट ओक या दोन सुतारांना टेम्सकाठच्या किंग्स्टनला धाडल्याची नोंद विद्यालयाच्या दप्तरात सापडते. 'अ‍ॅट ओक' म्हणजे ओकाच्या झाडाजवळ राहणारा. ओकाच्या खांबांच्या इमारतीला सुतार मिळावा तोही या नावाचा! अलीकडे खांबांतील वार्षिक वलये मोजून झाडे केव्हा तोडली ते काढण्यात आले. ती १४२४ ते १४२६ या अवधीत तोडलेली निघाली. विज्ञानाने जे सांगितले ते कारकुनाने सहाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी ते जपले होते. बांधकाम १४२६-२७ च्या सुमारास पुरे झाले.

इमारतीची लांबी १९२ फूट. रुंदी आणि उंची दोन्ही अडतीस फुटांच्या आसपास. खण बारा. आपल्या वाड्यांचे माप आपण खणांत सांगतो, 'पाच खणी सोपा', 'सात खणी माडी' असे; नेमके तेच माप तेथेही चालते, ही गोष्ट मला फार जवळची वाटली. दोन खांबांच्या रांगा लांबीभर गेलेल्या. मधला भाग उंच आणि रुंद. दोन्ही अंगांना उतरत्या छपराखाली पडव्या. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात उभे राहून वर पाहिले तर जसे तुळया, हस्त आणि वासे एकमेकांत गुंतलेले दिसतात, तसेच दृश्य, फक्त त्याला मजला नाही. दृष्टी थेट आढ्यापर्यंत जाते. प्रत्येक खांबाच्या बुडाशी दगडी तळखडा आहे, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. आपल्या सुतारांना तळखड्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वाळवीचे भय आपल्याला, बुरशीचे त्यांना, उपाय एकच.

काही गोष्टी मात्र आपल्यापेक्षा निराळ्या, आणि त्यांवर मी थोडा रेंगाळणार आहे. आपला सुतार साग वापरतो आणि तो वर्षानुवर्षे मुरवून वापरतो. मध्ययुगीन इंग्रज सुतार ओक ओलाच कापीत. ओला ओक हत्यारास मऊ, वाळला की लोखंडासारखा. सगळी जोडणी ओल्या लाकडात करायची. एका तुळईच्या टोकास जीभ कोरायची, दुसरीत तिच्या मापाची खाच, आणि आरपार ओकाची खुंटी ठोकायची. लाकूड वाळताना आक्रसते आणि सांधा खुंटीभोवती घट्ट आवळला जातो. सांगाड्यात खिळ्यांचे काम जवळजवळ नाहीच. दुसरी गोष्ट. खांबाच्या माथ्यावर तीन लाकडे एकत्र येतात: खांब स्वतः, लांबीची तुळई आणि आडवी तुळई. तिन्हींना खाच हवी, म्हणजे माथा रुंद हवा. आपण तेथे खांबावर वेगळा हस्त बसवतो. त्यांनी झाडच उलटे उभे केले. झाडाचा बुंधा मुळाशी रुंद असतो. ते रुंद टोक वर घेतले की माथा आपोआप जाड मिळतो, वेगळा तुकडा जोडावा लागत नाही. ही युक्ती ज्याने प्रथम काढली त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. तिसरी गोष्ट उभारणीची. एकेक चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवीत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणेचे आकडे कोरीत, मग सुटी करून जागेवर नेऊन माणसांच्या बळावर उभी करीत. ते आकडे अशा अनेक जुन्या इमारतींत आजही वाचता येतात.

हार्मंड्सवर्थच्या सांगाड्यातील बहुतांश लाकूड मूळचेच आहे असे तज्ज्ञ सांगतात. सहाशे वर्षांत किती वाड्यांचे आपण काय केले, ते येथे सांगत बसत नाही.

याहूनही जुने बार्न इंग्लंडात आहेत. एसेक्समधील क्रेसिंग टेंपल येथील दोन बार्न तेराव्या शतकातले, टेंप्लर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाने बांधलेले. ऑक्सफर्डशायरमधील ग्रेट कॉक्सवेलचा बार्न दगडी भिंतींचा, ब्यूली येथील मठाचा, सुमारे १२९२ चा. लांबी १५२ फूट. विल्यम मॉरिस हे कवी, कारागीर आणि जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी १८७७ मध्ये संस्था काढणारे गृहस्थ जवळच्याच केल्मस्कॉट गावी राहत. त्यांची या बार्नवर विलक्षण भक्ती होती. पाहुण्यांना ते आवर्जून तो दाखवावयास नेत. हा बार्न १९५६ मध्ये अर्नेस्ट कुक यांनी मृत्युपत्राने राष्ट्रीय न्यासास दिला. हे प्रवासकंपनीच्या थॉमस कुक यांचे नातू.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. असल्या मोठ्या बार्नना सरसकट 'टाइद बार्न' म्हणण्याची रीत पडली आहे. टाइद म्हणजे चर्चला द्यावयाचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. शेतात पेंढ्या बांधल्या की दर दहावी पेंढी बाजूला काढीत आणि ती चर्चच्या बार्नमध्ये जाई. कल्पना रम्य आहे, चित्रेही तशी पुष्कळ निघाली आहेत. परंतु हार्मंड्सवर्थचा बार्न त्यातला नव्हे, कॉक्सवेलचाही नव्हे. ते होते मालकाच्या स्वतःच्या जमिनीचे पीक ठेवण्याचे. आपल्याकडे जिला 'शेरी' म्हणत, म्हणजे सरकार किंवा इनामदार स्वतःसाठी राखून ठेवी ती जमीन, तिचे पीक. शेरीवर राबणारा कुणबी स्वतःचे पीक त्या भव्य छपराखाली आणू शकत नव्हता. बाराही खण एका मालकाचे. ही इमारत पाहताना मान वर होते, छाती भरून येते. तेव्हा हेही आठवावे. आपल्या खळ्यावर बलुतेदार आपापले बलुते उघड्यावर, सर्वांदेखत मोजून घेत. त्यातही अन्याय होता, महारमांगांच्या पदरी काय पडे ते आपण जाणतो, त्याचे उदात्तीकरण मला करावयाचे नाही. परंतु वाटणी कोठे होते, उघड्यावर की बंद दरवाजाआड, याने फरक पडतो. छपराखालच्या खळ्यात वाटणीच नव्हती.

मजूर मात्र त्या छपराखाली होते, आणि हिवाळाभर होते. शेतात काम नसलेल्या महिन्यांत झोडपण्याची मजुरी हाच त्यांचा आधार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकल याने मळणीयंत्र बनवले. यंत्रे जशी पसरली, तशी ती मजुरी आटत गेली. १८३० मध्ये दक्षिण आणि पूर्व इंग्लंडच्या शेतमजुरांनी बंड केले. रात्री जमाव येत आणि मळणीयंत्रे फोडीत. पकडलेल्यांपैकी काहींना फाशी झाली, शेकडोंना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत धाडण्यात आले. यंत्र जिंकले. त्यानंतर बार्नचे मूळ कामच राहिले नाही. दहाव्या हिश्श्याची वस्तुरूप वसुलीही १८३६ च्या कायद्याने रोख रकमेत बदलली. गुरे, अवजारे, गवत यांसाठी त्या इमारती वापरात राहिल्या. वापरात होत्या म्हणूनच कौले बदलली गेली, फळ्या बसवल्या गेल्या, आणि त्या टिकल्या.

याच काळात, १८५० च्या सुमारास, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट नावाचे वास्तुशिल्पी हार्मंड्सवर्थला येऊन गेले. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या कॅथीड्रलसाठी त्यांनी लाकडी आराखडा केला तो या बार्नवरून. पुढे ते कॅथीड्रल दगडात झाले. स्कॉट हे नाव आपल्याला दूरचे वाटेल. पण मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत आणि तिच्यावरचा राजाबाई टॉवर यांचे आराखडे याच स्कॉटसाहेबांचे. ते स्वतः मुंबईला कधीच आले नाहीत, आराखडे लंडनहून आले. त्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसून ज्यांनी अभ्यास केला असे दोन-चार वृद्ध सभासद आजही या सभागृहात आहेत. एका बार्नमध्ये मान वर करून उभा राहिलेला मनुष्य आणि त्यांचे ते लाकडी छत, यांत किती अंतर होते आणि किती जवळीक, ते मी त्यांच्यावरच सोपवतो.

हार्मंड्सवर्थमध्ये शेतीसाठी वापर चालला १९७० च्या दशकापर्यंत. त्यानंतरची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती रागावल्याशिवाय सांगता येत नाही. १९५० पासूनच बार्न सर्वोच्च दर्जाच्या संरक्षित यादीत होता. यादीत असणे आणि सांभाळले जाणे या भिन्न गोष्टी आहेत, हे मी सार्वजनिक बांधकामात आयुष्य घालवलेला मनुष्य अधिकाराने सांगू शकतो. १९८६ मध्ये तो एका बांधकाम व्यावसायिकाकडे गेला. तो व्यवसाय बुडाला. २००६ मध्ये जिब्राल्टरच्या एका कंपनीने तो विकत घेतला, किंमत एक पौंड. गणित सोपे होते. शेजारी विमानतळ, विमानतळाला तिसरी धावपट्टी हवी. जमीन संपादित झाली तर भरपाई मोठी. दुरुस्ती कशाला करायची? कौले निखळली, पाणी आत येऊ लागले. २००९ मध्ये 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेने कायद्याचा आधार घेऊन तातडीची दुरुस्ती स्वतः केली, खर्चावरून मालकाशी वाद चालला, आणि अखेर जानेवारी २०१२ मध्ये वीस हजार पौंडांना बार्न विकत घेतला. त्यापुढे काही लाख पौंड खर्चून छप्पर दुरुस्त झाले. दरवाजा उघडण्याचे आणि पाहुण्यांना माहिती देण्याचे काम गावातले स्वयंसेवक करतात. मला सगळे समजावून देणारे गृहस्थ निवृत्त होते, त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि एकही पैसा न घेता ते दोन तास बोलले. ग्रंथालये अशाच माणसांवर चालतात, म्हणून सांगितले.

त्या गृहस्थांना मी धावपट्टीविषयी विचारले. ते हसले आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे बोट दाखवले. प्रश्न आजही मिटलेला नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेने तिसऱ्या धावपट्टीस मान्यता दिली. २०२० च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ती अडवली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. २०२५ च्या जानेवारीत सरकारने पुन्हा पाठिंबा जाहीर केला. गेल्या दशकातील आराखड्यात हार्मंड्सवर्थ गावाचा मोठा भाग पाडला जाणार होता आणि बार्न मात्र विमानतळाच्या कुंपणाबाहेर राहणार होता. इमारत वाचली आणि गाव गेले, तर किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या हाती द्यावयाचा, हे आराखड्यात लिहिलेले नसते.

आता कार्यवाहांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे कोठारे आहेत, आणि त्यांतले एक थोर कोठार बेळगावाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतके जवळ आहे. पन्हाळगडावरील अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन इमारती. त्यांत गंगा कोठी सर्वांत मोठी, सुमारे दहा हजार चौरस फुटांची आणि पस्तीस फूट उंच. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. हार्मंड्सवर्थ पाहून आल्यावर मी पुन्हा पन्हाळ्याला गेलो आणि प्रथमच ती इमारत मला नीट दिसली. तेथे दाणाच यायचा, पेंढी नव्हे. म्हणून जाड दगडी भिंती, कमानींवर पेललेले छत, आणि छताला भोके: जिन्याने वर जाऊन धान्य वरून ओतावयाचे. वारा नको, ओल नको, उजेड नको. बार्नचे जे जे गुण, ते ते येथे दोष ठरले असते. दोन्ही इमारती धान्याच्या, आणि एकीचा एकही नियम दुसरीला लागू नाही. १६६० च्या मार्च ते जुलै सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज गडावर अडकले होते, तेव्हा त्या वेढ्याचा एक पक्ष या भिंतींच्या आतही लढत होता. जुलै २०२५ मध्ये पन्हाळगड जागतिक वारशाच्या यादीत आला, त्याचा आनंद आपण या सभागृहात साजरा केला. यादीविषयी मघाशी काय म्हणालो ते पुन्हा म्हणत नाही.

परंतु गडावरच्या कोठारांची काळजी घेणारे खाते तरी आहे. आपल्या घरांतील पेवांचे काय? माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या अंगणात दोन पेवे होती. पेव उघडताना वडील आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडीत. तो विझला तर आतली हवा विषारी, मग कोणी उतरायचे नाही. एका वर्षी वाटण्या झाल्या, पेवे बुजवली, वर फरशी घातली. त्यांचा घेर किती, खोली किती, आत लिंपण कशाचे, मला सांगता येत नाही. वडिलांच्या हातची धान्याची वही होती, केव्हा किती भरले, केव्हा कोणाला काढून दिले याची. ती रद्दीत गेली, आणि ती देणारा मीच होतो.

म्हणून शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत, पेवाच्या, खळ्याच्या, बलुत्याच्या, सुतारमजुरीच्या, मग त्या मोडीत असोत की कानडीत, त्यांनी त्या पुढच्या महिन्याअखेरपर्यंत ग्रंथालयात आणून द्याव्यात. वाळवी लागलेल्याही चालतील. कार्यवाहांनी पोचपावती देण्याचे, आणि ज्यांना मूळ वही परत हवी त्यांना नक्कल करून परत देण्याचे मान्य केले आहे. माळ्यावरचे एक कपाट त्यासाठी रिकामे करून घेतले आहे. मी कालच पाहून आलो.